काउंटर नंबर नऊ

रात्री सव्वाअकराचं नागपूर रद्द झालं.
मला सांगायला दिलेलं कारण : तांत्रिक.
खरं कारण, अडतीस तिकिटं.
शेजारच्या कंपनीनं महिनाभर भाडं पाडलं,
आज आम्ही उडलो नाही, तर लगेच चढवलं.

दाबोळीच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये
कुडचड्याच्या प्रेमावती फळदेसाई पुढे आल्या,
पिशवीत आगळाची बाटली, बहिणीच्या ऑपरेशनचे कागद.
शेजारी एकच सीट उरली होती.
त्यांनी चष्मा शोधेपर्यंत चार हजारांची अकरा झाली,
चष्मा पुसेपर्यंत सोळा.

"एकतीस वर्षं वीजखात्यात मीटर वाचले, बाबा.
असा पळणारा मीटर
मी जागच्या जागी सील केला असता."
कुणी हसलं नाही.
"आता नियम दाखव.
जेवण, खोली, पैसे परत, काय ते. लिहिलेलं असतंच."

लिहिलेलं होतं.
भिंतीवर, मराठीतसुद्धा, बारीक अक्षरात,
पामच्या कुंडीमागे.
कुंडी तिथे कुणी ठेवली, मी कधी विचारलं नव्हतं.

साहेब फोनवर होते.
मी फळीखालून वाकून बाहेर आलो
आणि कुंडी सरकवली. वाटली त्याहून जड निघाली.
प्रेमावतीबाई मोठ्यानं वाचू लागल्या,
आकडे वाचावेत तशा, सपाट, न थांबता,
आणि रांग माझ्याकडून वळून भिंतीकडे गेली.

सकाळच्या पाळीला कुंडी पुन्हा जागेवर.
फरशीवर मातीची एक रेघ मात्र
झाडूवाल्या सांतानच्या नजरेतून सुटली होती,
किंवा त्यानं ती सोडली होती.