अर्धविराम

औलूचं बंदर गोठलेलं.
बर्फाखालच्या पाण्याची उंची मोजत असतो आमचा प्रोग्रॅम,
दर मिनिटाला एक ओळ, अकरा वर्षं.
गेले तीन हिवाळे मात्र मधूनच मुका होतो.
मरत नाही. यादीत दिसतो, झोपल्यासारखा,
आणि थांब म्हटलं तरी थांबत नाही.

आउने केत्तुकांगास चष्मा कपाळावर सारते,
गार कॉफीत वेलचीचा पाव बुडवते
आणि तापिओनं लिहिलेलं फंक्शन उघडते.
(तापिओ निवृत्त झाला. मासे धरतो.)
सिग्नल आला की काय काय करायचं
ते सगळं त्यानं त्यातच कोंबलेलं:
मेमरी माग, वेळ लिही, निरोप छाप, फाइल मीट.
लग्नघरी निरोप्यालाच पंगतीत वाढायला लावावं, तसं.

"बघ इल्मो," ती म्हणते,
"मुख्य काम मेमरी घेत होतं, आतून कुलूप लावून.
तेवढ्यात सिग्नलनं त्याला जागच्या जागी थिजवलं,
आणि हँडलर बसला तेच कुलूप उघडायची वाट बघत.
किल्ली कुठे? त्या थिजलेल्या मुठीत."

मग ती खोडत जाते. बत्तीस ओळी.
उरते एक:

    थांबायचंय = १;

आणि वर, नावापुढे, व्होलाटाइल.
म्हणजे कंपायलरला ताकीद,
की हे गृहीत धरू नकोस, दर वेळी नव्यानं बघ.
बाकीचं लूप बघेल, फेरी पुरी झाली की.

"आणि नऊ नंबर आला तर?"
"त्याला हँडलर लावता येत नाही.
म्हणून लिहिलेली ओळ लगेच डिस्कवर टाकायची,
साठवून ठेवायची नाही."

अडीचला, बाहेर अंधारत असताना, फोन आला.
रोव्हानिएमीहून, तिची भावजय.
आउने ऐकत राहिली. दोनदा "हो" म्हणाली.
फोन ठेवला.
हातातली ओळ पुरी केली, अर्धविराम दिला,
फाइल सेव्ह केली, कप विसळून पालथा घातला.
मफलरचं दुसरं टोक मात्र तिला सापडेना,
गळ्यातच होतं.
मी म्हटलं, चल, स्टेशनपर्यंत येतो.

रात्री परत येऊन प्रोग्रॅमला पंधरा नंबर पाठवला.
त्यानं चालू ओळ लिहिली, फाइल मिटली,
शून्य परत केलं आणि गेला.

पुन्हा सुरू केला.
पाणी उणे एकोणीस सेंटीमीटर.
वारा उत्तरेचा.