इथे थांबला

वडशाच्या कंपनीत मी अकरा हंगाम प्रॉम्प्टर होतो.
विंगेत पोत्यावर बसायचं, मांडीवर वही, दातात टॉर्च,
आणि बाहेर डाकराम लांजेवार
वहीत नसलेलं बोलत.

नाटक रडकं असायचं. सासू, विष, कोर्ट,
शेवटच्या अंकात फाशी रद्द.
दिवसा शंकरपट झालेला, बैलांची धूळ अजून मांडवात,
दोन हजार माणसं तणसावर, चादरी गुंडाळून.
रात्री दोनला पोरं पेंगायला लागली
की हा यायचा, एका पायात चप्पल,
दुसरी काखेत.

वर दोरीला माईक लटकलेला.
त्याला विचारायचा, "का गा, जेवलास?"
माईक काही बोलायचा नाही.
मग डाकराम थांबायचा.

किती थांबायचा?
खर्रा घोटायला लागतो तेवढा.
पुढे पोलीस पाटील ओठ दाबून,
मागे कुठेतरी एक बाई खोकायची,
आणि मग हशा उतरायचा
धानाच्या बांध्यांतून पाणी उतरतं तसा,
एक भरली की दुसरी.
मी समासात लिहायचो: इथे थांबला.

एका हंगामात रात्रीचा गॉगल लावलेला माणूस आला.
होळी झाली आणि डाकराम टिनाची पेटी घेऊन मुंबईला गेला.
तिथे एका हॉटेलच्या तळघरात
त्याला एकट्याला उभं केलं, माईक हातात देऊन.
फोनवर म्हणाला, "बरं हाये.
हात कुठं ठेवाव, हा प्रश्न मिटला."
"मले" म्हटलं की ते हसायचे.
"काऊन" म्हटलं की टाळ्या.
"मी अजून काई बोललोच नाई बे,
अन् हे हासून रायले."

मग मालिका. सोसायटीच्या दारात खुर्ची, शिट्टी
आणि एकच वाक्य: "गाडी बाजूले घ्या जी."
चारशे भाग.
पटावर पोरं बैलांना तेच म्हणू लागली.
लग्नपत्रिकांत तो "प्रमुख उपस्थिती" झाला, न येता.
त्याची माय टीव्हीसमोर बसून म्हणाली,
"लहानपनी शिट्टी मागत होता, तवा देल्ली नाई मी."

मी बघायचो. वही मांडीवर, सवय.
तो थांबायला लागला की कापायचे.
श्वासाच्या जागी दुसऱ्याचं तोंड,
आणि हशा डब्यातला, एका मापाचा,
त्यात कुणी खोकत नाही.
ती मालिका संपली, दुसरीत ड्रायव्हर झाला,
तिसरीत पुन्हा वॉचमन, वेगळ्या सोसायटीचा.

एकदा मंडईला आला. पोस्टरवर नाव सगळ्यांत वर,
नायिकेपेक्षा मोठं, ती दोन दिवस रुसली.
दोन वाजले. एक चप्पल पायात, एक काखेत.
"का गा, जेवलास?"
आणि थांबला.
मागून पोरं ओरडली, "गाडी बाजूले घ्या जी!"
अख्खा मांडव हसला. तोही हसला,
खिशातून शिट्टी काढून वाजवली.
आणलीच होती म्हणजे.
मी टॉर्च विझवली.
त्या पानावर समास कोरा आहे.

काल रात्री त्याचा फोन. दोनलाच करतो.
"ऐक, नवीन हाये. एक मानूस
वडशाच्या टेसनावर उतरते..."
पुढे काही नाही.
रेंज गेली असेल, इकडे जातेच,
सात गावांना एक टॉवर.
किंवा थांबला असेल.
मी हॅलो म्हटलं नाही.
फोन कानाला धरून अंगणात आलो,
तणसाच्या ढिगापाशी उभा राहिलो.
शेजारच्या घरात
कुणी बाई झोपेत खोकली.