मधी कोण रवतलो?

निवतीला, बर्फाच्या शेडमध्ये,
सुरमईच्या रिकाम्या क्रेटला टेकवलेला मोबाईल.
त्यात आपला देश, तळहाताएवढा,
निळ्या शर्टात पळतोय.
रेंज गेली की अकराही जण
बगळ्यासारखे एका पायावर थिजतात.

चौघे पुढे. चारही पाय सोन्याचे.
डावीकडच्याच्या बुटाला तर चेंडू असा
की ओल्या पायाला रेव.
बाबल्या जुगी मांडीवर थाप मारून म्हणतो,
"पाचवो पण व्हयो होतो रे!"

इनास जाळं विणत होता.
सुई न थांबवता म्हणाला,
"आणि मधी कोण रवतलो?"

इनासला फुटबॉल कळत नाही. रापण कळते.
दोन्ही टोकांना ओढणारे, हाळ्या घालणारे,
पर्यटकांच्या फोटोत तेच येतात.
कमरेएवढ्या पाण्यात एक जण मात्र
शिशाच्या दोरीवर पाय रोवून असतो,
जाळ्याचा तळ उचलू नये म्हणून.
त्याच्या हाताला मासळी लागत नाही.
चाळीस वर्षं तो इनास होता.

मी सहा नंबर खेळायचो, जिल्ह्यापर्यंत.
निवड चाचणीच्या कागदावर
माझ्या नावापुढे कुणीतरी लिहिलं होतं:
विशेष काही करत नाही.
खरंच होतं.
मी जिथे असायचो
तिथे काही घडायचंच नाही.

मध्यंतराला दोन-शून्य. बाबल्याने सोडा पाजला.
मग त्यांनी तीन साधे पास दिले,
सरळ मधून,
ओहोटीच्या पुळणीवर कुत्रं चालत जावं तसे,
कुणी हटकलं नाही.
शेवटी दोन-तीन.
शेडमध्ये बर्फ फोडल्याचा आवाज तेवढा.

प्रशिक्षकाला शिव्या घालणं सोपं आहे.
माझ्याही खिशात डिझेलच्या बिलामागे
अकरा नावं होती,
सोमवारी कुडाळला मुलींचा सामना.
रेवा खवणेकर तिघींना चकवून जाते.
आणि धोका कुठून येणार
हे बाकी दहाजणींच्या आधी
रेवालाच कळतं.
एकच पोर.
मागे ठेवली तर पुढे ओसाड,
पुढे धाडली तर दार सताड.
आठवडाभर मी तिचं नाव खोडून
परत लिहीत होतो.
त्या माणसाच्या कागदावरही
असंच एक भोक पडलं असेल.

इनासने कागद मागून घेतला,
उलटा धरला.
पुढच्या सगळ्या मागे गेल्या.
"हां, आता बरां दिसता," म्हणाला.
मी हसलो, मग हसू अर्ध्यावर राहिलं.
कसाही धरा,
रेवाचं नाव मध्येच होतं.

संध्याकाळी मैदानावर तिला सांगितलं.
तिने चेंडू काखेत घेतला,
खाडीकडे बघितलं बराच वेळ,
आणि विचारलं,
"मगे सर, गोल कोण मारतला?"