डाव्या दाराची किल्ली

माझ्याकडे डाव्या दाराची किल्ली आहे.
उजवं दार आमचं नाही.

हे मी तिला सांगितलं तेव्हा उणे एकतीस होतं,
सकाळचे अकरा, आणि उजेड
दुधात शाई सांडून पुसून घेतल्यासारखा.
फिनमार्कात डिसेंबरात सूर्य येत नाही,
त्याचा निरोप तेवढा येतो दक्षिणेकडून, तासाभरापुरता.

गाडीत चार टक्के.
मागे रेनडिअरच्या खाद्याची पोती,
पुढे एक म्हातारा, टोपीत बुडालेला,
लाकसेल्व्हला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेला.
इंगा-रिस्टिन तिचं नाव. ओरडली नाही.
नुसती म्हणाली, "मग उजवं कुणाचं?"

आता हे सांगायचं म्हणजे भावकीतली वाटणी सांगायची.
खांब ज्या जमिनीत रोवलाय ती किराणा दुकानाची.
खालची केबल वीज पोचवणाऱ्या कंपनीची, पण मीटरपर्यंतच;
मीटरपुढे वीतभर सरकलात की बांध लागतो.
यंत्र घडवलं इटलीत कुणी,
चालवतं ओस्लोतलं ऑफिस,
पडद्यावरची अक्षरं तालिनहून येतात.
पैसे घेणारी कंपनी कुठे बसते
हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही;
घेते मात्र वेळेवर.
बर्फ उपसायचा ठेका टोर्गेरच्या मेव्हण्याकडे.
आणि मी, ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस,
डाव्या दारापुरता.

डाव्या दारामागे सगळं ठीक होतं.
फ्यूज, हीटर, जोड,
आणि गेल्या उन्हाळ्यातली एक माशी,
पाय मुडपून, गोठलेली.

फोन लावले.
ओस्लोतला मुलगा गोड बोलला:
आमच्याकडे तर हिरवं दिसतंय.
तालिन म्हणालं, हिरवा ठिपका आम्ही काढतो,
ठिपक्याखाली काय आहे ते आम्हाला कसं कळणार?
वीजवाले म्हणाले, मीटरपर्यंत आलीय ना?
मग आलीय.

कुणी खोटं बोलत नव्हतं.
ज्याचा त्याचा तुकडा चोख होता.
दोन तुकड्यांच्या मध्ये नखाएवढी फट,
आणि त्या फटीत
अख्ख्या धरणाची वीज येऊन थांबलेली.

म्हाताऱ्यानं दार किलकिलं केलं. "काय म्हणतायत?"
"हिरवं आहे म्हणतायत."
तो खांबावरच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला.
"आणि मोतीबिंदू मला झालाय?"

रस्त्यापलीकडे प्रार्थनाघर.
त्याच्या भिंतीला एक सॉकेट, झाकण तुटलेलं,
जुन्या डिझेल गाड्यांची इंजिनं ऊबेला लावायचं.
बोर्गहिल्ड आली, लोकरी मोज्यांवर चपला चढवून,
कोटाच्या आत पीठ लागलेला एप्रन.
बिल कोण भरतं, मी विचारलं. सवयच ती.
"वॅफल," ती म्हणाली.
दर रविवारी विकतात, वीस क्रोनरला एक,
जॅम घेतला तर पंचवीस.

माझ्या गाडीतली नारिंगी वायर काढली,
रस्ता ओलांडून नेली, वरून बर्फ लोटला
म्हणजे कुणाच्या चाकात अडकायला नको.

सहा तास लागले
चाळीस किलोमीटर पदरात पडायला.
डॉक्टरची वेळ टळली ती टळलीच.
हे मला नंतर कळलं; मी तोवर
नव्वद किलोमीटरवरच्या दुसऱ्या खांबाशी होतो.
तिथलंही डावं दार ठीक होतं.

रात्री अहवाल भरायला बसलो.
'जबाबदार पक्ष': यादीतून एकच निवडा.
सहा नावं. प्रार्थनाघर नव्हतं.
मी ती ओळ कोरी सोडली, खाली लिहिलं
'डावी बाजू निर्दोष', आणि सही केली.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

नारिंगी वायर, पंचवीस मीटर, कंपनीची मालमत्ता:
तिच्यापुढे मात्र लिहिलं, हरवली.
ती अजून त्या भिंतीवर टांगलेली दिसते
जाता-येता.