तोंडचं पाणी

कास्त्रोच्या धक्क्यावर दुपारच्या बोटीनं खोकं उतरलं.
आत भुसा, आणि भुशात तीन व्हॉल्व्ह:
एक विजेवरचा, एक हवेवरचा,
आणि एक पितळी, हातानं फिरवायचा,
जो आम्ही मागवलाच नव्हता.

डॉक्टर कार्कामो म्हणाल्या, स्वस्तातला बसव, दोनच तर खुर्च्या.
त्यांचं तरी काय चुकलं.
वादळात उडालेल्या पत्र्यांचे हप्ते अजून फिटायचेत.

मी तळघरात उतरले.
दोन खुर्च्यांना मिळून एक पंप, एकच दम.
खिडकीजवळची नळी उचलली
की भिंतीजवळची धापा टाकते,
कारण खिडकीजवळचा जुना व्हॉल्व्ह
उघडतो कुरकुरत आणि मिटत तर नाहीच धड,
पापणीत कुसळ गेल्यासारखा.
खोलून पाहिला:
रबरी पडद्याच्या कडेला दातांची भुकटी,
आणि काहीतरी तपकिरी, ज्याला मी रक्त म्हटलं नाही.

कॅटलॉगात सगळं होतं.
व्यास, दाब, चोवीस व्होल्ट, मिनिटाला किती लिटर.
खारं वारं तांब्याचं काय करतं, ते नव्हतं.
दोन बाउदिल्यो तर नव्हतेच.

ते मंगळवारी येतात, केम्चीहून, इस्त्रीचा शर्ट घालून.
खुर्चीचा हात धरतात तो वल्हं धरल्यासारखा.
एका एप्रिलमध्ये त्यांची होडी उलटली होती.
होडीत दोघं भाऊ होते.
पुढचं ते सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही.
यंत्र फिरतं, पाण्याचा फवारा उडतो,
मी नळी उचलते,
आणि व्हॉल्व्ह उघडेपर्यंतच्या त्या एवढ्याशा उशिरात
त्यांच्या नाकातोंडात पाणी जातं.
चमचाभरच.
ते ओरडत नाहीत. फक्त बुटांच्या टाचा आपटतात.

म्हणून मी चहाचा कप भरला,
आणि तिन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीनं लावून पाहिले.
पितळी फिरवायला हात मोकळा हवा, तो माझ्याकडे नसतो.
हवेवरचा आधी सुस्कारा टाकतो, मग उघडतो.
विजेवरच्यानं, मी ‘एक’ म्हणेपर्यंत,
कप कोरडा केला.

महाग आहे, मी म्हणाले. तारांना ग्रीस लावीन,
दर महिन्याला खोलून पुसीन.
डॉक्टरांनी पावतीची पाठची बाजू बघितली, तिथे काहीच नव्हतं.
मंगळवारच्या आत होईल का, त्यांनी विचारलं.

मंगळवारी टाचा हलल्या नाहीत.
तोंडचं पाणी पळालं,
आणि माणूस घाबरला नाही.

जाताना त्यांनी फळीवरचा पितळी व्हॉल्व्ह उचलला,
दोनदा फिरवला, कानाशी नेला.
होडीला चालेल का, म्हणाले.
नाही, आटे जुळायचे नाहीत, मी म्हणाले.
ते ‘बरं’ म्हणाले,
आणि तो खिशात घालून गेले.