जिथं तांबं बसलं नाही

लक्ष्मीपुरीतल्या खतांच्या दुकानातनं
पावशेर मोरचूद आणला.
बरणीतलं पाणी निळं झालं,
शिरगुप्पे बाईंच्या साडीच्या काठाएवढं निळं.

जळक्या मोटरची तार आप्पांनी दिली,
उद्यमनगरातनं, डब्याच्या पिशवीत घालून.
ती धन टोकाला.
ऋण टोकाला पितळी चावी,
जे शटर आता आमचं नाही त्याची.

'आधी धू.'
'धुतली की.'
'राखेनं धू. मग बोट लावू नको.
आणि करंट कमी ठेव,
घाईचं तांबं काळं पडतंय.'
वीस वर्षं दुसऱ्याच्या टाकीवर
प्लेटिंग करणारा माणूस
एवढंच बोलला.

चावी धुऊन ताटलीत ठेवली, आणि
वाट बघता बघता झोपले.
उठून बुडवली तेव्हा पहाट होती.
निघाली ती लाल, पिळलेल्या कानासारखी.
फक्त डोक्यावर एक ठिपका पिवळाच राहिला.

भिंगाखाली बघितलं:
रेषा. वळणं. मधे आडवा जुना काप.
माझ्या अंगठ्याच्या दुप्पट.

प्रदर्शनात परीक्षक म्हणाले,
'इथं थर बसलेला नाही. कशामुळं?'
'तेलकटपणा, सर. आयन पोचत नाहीत.'
'म्हणजे स्वच्छता कमी पडली.'
दहापैकी सात.
कुणाचा तेलकटपणा, ते त्यांनी विचारलं नाही.

रात्री आप्पांनी चावी दिव्यापुढं धरली,
बराच वेळ.
मग अंगठा पँटीला पुसला.

'राखेनं धुवायची असती,' म्हणाले.
'हो,' म्हणाले मी.