सुपाला पाय

पहिलं मी चपलांच्या खोक्याचं केलं,
खडेबाजारातल्या दुकानानं फुकट दिलेल्या.
सुतळी, चिकटपट्टी,
आणि आईनं शिजवलेली तांदळाची खळ.
कॉलेजात असली मॉडेलं
आम्ही रंगवून काचेखाली ठेवायचो.
हे मोडायला घेऊन निघाले होते
आणि तरी निपाणीच्या बसमध्ये
काकतीपासून संकेश्वरापर्यंत
मांडीवर धरून बसले,
कंडक्टरनं अर्धं तिकीट काढू का विचारलं.

गल्लीत सातजणी भिंतीला टेकून.
पाय लांब, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, जर्दा, कात्री, लाल दोरा.
"काय आणलंस गे हे?" शेवंताक्का.
"सुपाला पाय."
बराच वेळ हसल्या.

गौरव्वानं सूप वर ठेवलं,
कोपराचा पहिलाच धक्का, आणि
डावा पाय मुडपला.
पानं घरंगळत उंबऱ्यापर्यंत.
मी माफी मागत पानं गोळा करतेय तर ती म्हणते,
"इन्नू स्वल्प केळगे."
अजून थोडं खाली.
जर्द्यानं पिवळ्या पडलेल्या नखानं
पुठ्ठ्यावर रेघ ओढली
आणि पानं कापायच्या कात्रीनं
स्वतःच कापून टाकलं तिनं
माझं तीन रात्रींचं माप.

माझ्या कागदावर उंची होती, रुंदी होती,
कोन अंशात लिहिला होता.
गुडघा नव्हता.

दुसरं बांबूच्या कामट्यांचं. करकरायचं.
तिसऱ्याला मी दोऱ्यासाठी खण केला,
लहानसा, सरकता,
मला फार आवडलेला.
दर विडीला हात त्या खणापाशी अडायचा,
म्हणजे हजार विड्यांना हजारदा.
दुपारपर्यंत त्यात पान-सुपारी गेली.
चौथ्याला खण नव्हता.
(घरी आहे तो. त्यात मी पिना ठेवते.)

उद्यमबागेत होनगेकर मेस्त्री
लाकडाचे पॅटर्न करतात, चाळीस वर्षं.
मी म्हटलं, आता लोखंडात करूया,
किती वेळा जायचं निपाणीला?
त्यांनी रंधा थांबवला नाही.
"ओतलीस की चूक पण टणक होती पोरी.
पुठ्ठ्यातली चूक शेळी खाती."
आणि आंब्याच्या पेटीच्या चार फळ्या
माझ्याकडं ढकलल्या.

त्या फळ्यांचं सहावं.
गौरव्वा पुतणीच्या लग्नावरून
शेवंताक्काशी भांडत होती,
दोघी दोन भाषांत, एकमेकींचं सगळं कळत.
मी कोपऱ्यात वही घेऊन.
तासाभरात तिनं सूप एकदाही सावरलं नाही,
कंबरेवर हात ठेवून एकदाही
"शिवा शिवा" म्हटलं नाही.
राहवेना, विचारलंच, "बेन्नु?"
पाठ?

"यार्दु?" म्हणाली.
कुणाची?
आणि परत भांडायला लागली.

मी बसची वेळ बघितली, पिशवी आवरली,
मेस्त्रींना फोन लावणार,
तेवढ्यात दाराजवळून हुसेनबी,
महिनाभर जिनं तोंड उघडलं नव्हतं,
कात्री डाव्या हातात:
"मेरेकू ये कोना चुबताय, बेटी."

डावखुरी.
सहा मॉडेलं झाली
आणि मी आज पाहत होते तिचा हात.

पेन्सिल पिशवीच्या तळाशी गेली होती.
गौरव्वानं न बघता
कात्री पुढं केली.